अंदमानची अर्धी यात्रा

बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळांनी अंदमानला सहली नेण्याचा परिपाठ आता चांगलाच रुळला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी, कोठल्याही गावच्या मंडळाचे वार्तापत्र थंडीच्या मोसमात उघडावे, त्यात अशा सहलीची सूचना बहुधा सापडते. या सहलींमागचा हेतू उदात्त आहे. ज्या कोठडीत तात्याराव सावरकरांनी आपल्या तारुण्याची वर्षे काढली, तिचा उंबरठा आपल्या मुलानातवंडांनी पाहावा, असे कोणत्याही मराठी कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे. माझा आक्षेप यात्रेला नाही. ही यात्रा अर्धी असते, आणि ती पूर्ण झाली असे समजून आपण कृतकृत्य होऊन परततो, याला माझा आक्षेप आहे.

या सहलीचे वेळापत्रक सर्वत्र सारखेच असते. एक दिवस सेल्युलर जेलचा. दुसरा दिवस बोटीचा. राजीव गांधी जलक्रीडा संकुलाच्या धक्क्यावरून सकाळी बोटी सुटतात आणि रॉस, नॉर्थ बे व व्हायपर अशी दोन किंवा तीन बेटे दाखवून संध्याकाळच्या आत परत आणतात. रॉस बेट धक्क्यावरून नुसत्या डोळ्यांना दिसते. तेथे पोहोचायला पाव तासही लागत नाही. १८५८ नंतर इंग्रजांनी येथे आपल्या वसाहतीचे मुख्यालय थाटले. मुख्य आयुक्ताचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, पाणी शुद्ध करण्याचे यंत्रघर, दफनभूमी, या साऱ्यांच्या भिंती आज वडापिंपळाच्या मुळांनी कवटाळलेल्या आहेत. हरणे व मोर निर्धास्त हिंडतात. दृश्य खरोखरच विलक्षण आहे. आणि किनाऱ्याशी, जेथे बोट लागते त्या बाजूलाच, काँक्रीटचे काळवंडलेले बंकर आहेत. गाइड म्हणतो, "हा जपान्यांचा बंकर. फोटो काढून घ्या, मग पुढे हरणे दाखवतो." मंडळी फोटो काढतात. मुले बंकरात शिरून बंदूक चालवल्याचा अभिनय करतात. मग हरणे पाहायला जातात.

प्रस्तुत लेखक अशा एका फेरीत सामील होता. बंकर कोणी बांधले, कोणाकडून बांधून घेतले, जपानी येथे किती काळ होते आणि त्या काळात येथल्या माणसांचे काय झाले, असे चार प्रश्न त्याने गाइडला विचारले. उत्तर मिळाले, "साहेब, वेळ कमी आहे." गाइडला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे विचारले जाते तेच तो तयार ठेवतो. आमच्या पन्नास जणांच्या गटातील दुसऱ्या कोणालाही तो प्रश्न पडला नव्हता. आपल्याला हा प्रश्न का पडत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

आधी गाइडने न सांगितलेली हकिगत थोडक्यात सांगतो. २३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले. इंग्रजांनी शिबंदी आधीच काढून घेतली होती. प्रतिकार झालाच नाही. आशिया आशियावासीयांचा, ही घोषणा ऐकून काहींना मुक्तीची आशाही वाटली असेल. ती फार दिवस टिकली नाही. पहिल्याच काही दिवसांत झुल्फिकार अली नावाच्या तरुणाला, जपानी शिपायांवर छऱ्याची बंदूक चालवल्याबद्दल, सर्वांसमक्ष ठार मारण्यात आले. मेजर बर्ड या इंग्रज अधिकाऱ्याचा भर लोकांत शिरच्छेद झाला. त्यानंतरची साडेतीन वर्षे ही वेठबिगार, उपासमार आणि संशय यांची होती. विमानतळाची धावपट्टी स्थानिक लोकांना राबवून तयार करून घेतली गेली. आज आपले विमान ज्या भूमीवर उतरते तिची मूळ कथा ही आहे. त्या विमानतळाला सावरकरांचे नाव आहे याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण त्या जमिनीवर कोणाचा घाम सांडला हेही आपल्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

संशयाचे कारण काल्पनिक नव्हते. येथे पूर्वी पोलीस अधिकारी असलेला डेनिस मॅकार्थी जानेवारी १९४३ मध्ये पाणबुडीतून गुप्तपणे अंदमानात उतरला आणि बातम्या घेऊन निघूनही गेला. इंग्रजांचे हेर हाती लागले नाहीत. हाती लागले ते येथले कारकून, शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, पोलीस. त्यांना सेल्युलर जेलमध्ये डांबून, छळ करून, कबुलीजबाब घेतले गेले आणि गोळ्या घातल्या गेल्या. ज्या तुरुंगाच्या भिंतींपुढे आपण इंग्रजी जुलमाच्या आठवणीने गहिवरतो, त्याच भिंतींच्या आड १९४२ ते १९४५ या काळात दुसऱ्या एका साम्राज्याने हिंदी माणसांचा छळ केला. तुरुंग तोच, कोठड्या त्याच, आतली माणसेही हिंदीच. फक्त किल्ली दुसऱ्या हातात गेली होती.

या माणसांपैकी एकाची ओळख वाङ्मयप्रेमी वाचकांना तरी असायला हवी. डॉ. दिवाणसिंग हे पंजाबी कवी. जन्म १८९७ चा, सियालकोट जिल्ह्यातला. सरकारी वैद्यकीय सेवेत असताना राष्ट्रीय वृत्तीमुळे वरिष्ठांच्या डोळ्यांत सलू लागले आणि १९२७ साली त्यांची बदली अंदमानात झाली. त्यांनी हे बेटच आपले नाव करून टाकले; पंजाबी साहित्यात ते दिवाणसिंग कालेपानी म्हणूनच ओळखले जातात. १९३८ साली त्यांचा 'वगदे पाणी' हा संग्रह निघाला. वगदे पाणी म्हणजे वाहते पाणी. काळे पाणी हे ज्याचे टोपणनाव, त्याने वाहत्या पाण्याची कविता लिहावी, यात केवढा अर्थ भरला आहे हे जाणत्यांना सांगणे न लगे. पंजाबी मुक्तछंदाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. जपानी आमदानीत ते स्थानिक इंडियन इंडिपेंडन्स लीगचे अध्यक्ष होते. म्हणजे इंग्रजांचे हस्तक म्हणून त्यांना झिडकारण्याची सोय कोणालाच नाही. परंतु जपान्यांच्या मागण्यांपुढे त्यांनी मान तुकवली नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना पकडून सेल्युलर जेलमध्ये टाकले. ऐंशीहून अधिक दिवस छळ सोसून १४ जानेवारी १९४४ रोजी त्यांनी तेथेच प्राण सोडला.

एकाच तुरुंगात दोन कवी. एकाने कागद-लेखणी नसताना काव्य रचले, ते पाठ केले आणि स्मृतीच्या बळावर बाहेर आणले. त्याची प्रत्येक हकिगत आपल्या घरात मुलांना सांगितली जाते. दुसरा तेथेच संपला. त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. पोर्ट ब्लेअरमध्ये त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. आपल्या सहलीची बस त्या शहरात दोन-तीन दिवस फिरते, पण तेथे थांबल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मराठी साहित्यप्रेमींची मंडळे या बेटावर येतात आणि येथे मारल्या गेलेल्या एका भारतीय कवीचे नाव न ऐकता परततात. याला तीर्थयात्रा म्हणावे काय?

आता पुढचा भाग ऐकावा. दिवाणसिंगांच्या मृत्यूनंतर सोळा दिवसांनी, ३० जानेवारी १९४४ रोजी, होमफ्रेगंज या ठिकाणी ४४ हिंदी नागरिकांना एकत्र उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतील बरेच जण इंडिपेंडन्स लीगचे सभासद होते. ३० जानेवारी हा दिवस पुढे १९४८ पासून आपण हुतात्मा दिन म्हणून पाळतो. त्याच तारखेला, चार वर्षे आधी, मारल्या गेलेल्या या ४४ जणांचे स्मारक होमफ्रेगंजला आहे. ते वंडूरच्या रस्त्याला आहे. वंडूरच्या किनाऱ्यावर प्रवाळ पाहायला जाणाऱ्या सहली त्याच बाजूने जातात. पण तेथे थांबा नसतो.

ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपायला अवघे काही दिवस उरलेले असताना, अन्नाचा तुटवडा भासू लागला म्हणून शेकडो लोकांना नव्या बेटावर शेती करायला नेतो असे सांगून बोटींत घातले, आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकलून दिले. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच जगले. पुढे १९४६ साली सिंगापूरच्या युद्धगुन्हे न्यायालयात या प्रकरणांची सुनावणी झाली. त्या हॅवलॉकचे नाव ३० डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. त्याच निळ्या पाण्यात आपण काचेच्या तळाच्या बोटीतून मासे पाहतो. मासे जरूर पाहावेत; पण त्या पाण्याच्या पोटात काय आहे याचा एका वाक्यानेही उल्लेख होऊ नये?

या मौनाची दोन कारणे मला दिसतात. पहिले व्यापाराचे. सहल म्हणजे करमणूक, आणि करमणुकीत मृत्यूला जागा एका ठरावीक मापानेच मिळते. इंग्रजांचा फाशीखांब खपतो, कारण त्यातला खलनायक पक्का ठरलेला आहे व प्रेक्षकाला आपली बाजू निवडण्याचे कष्ट नाहीत. व्हायपर बेटावरची फाशीची जागा पाहताना कोणाला अडचण होत नाही. जपानी बंकराशी मात्र कथा गुंतागुंतीची होते. म्हणून तेथे कथा सांगायचीच नाही, फक्त फोटो काढायचा.

दुसरे कारण आपले आहे, आणि ते अधिक लागणारे आहे. आपण अंदमानला एका कोठडीच्या दर्शनाला जातो. त्या कोठडीबाहेरचा अंदमान आपल्या लेखी अस्तित्वातच नसतो. २००४ साली स्वातंत्र्यज्योतीवरील सावरकरांच्या ओळींचा फलक हटवला गेला तेव्हा केवढे वादळ उठले, हे वाचकांना स्मरत असेल. संसदेत गदारोळ झाला, महाराष्ट्रात निदर्शने झाली, बाहेरगावच्या आपल्या मंडळांनीही निषेधाचे ठराव केले. त्या संतापात खोटे काही नव्हते. परंतु एका फलकासाठी इतकी जागी असणारी आपली स्मृती, त्याच तुरुंगात मेलेल्या इतर माणसांविषयी इतकी गाढ झोपते, तेव्हा तिला इतिहासाची चाड म्हणायचे की केवळ आपल्या माणसाची चाड? तात्यारावांनी स्वतः आपल्या जन्मठेपेच्या वृत्तांतात सहबंद्यांची चित्रे रेखाटली. बंगाली, पंजाबी, पठाण, सारे त्यात येतात. त्यांच्या भक्तांना मात्र दुसऱ्या कोठडीत डोकावण्याची गरज वाटत नाही.

येथे काही आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, हे उकरून काढल्याने नेताजींच्या नावाला बट्टा लागेल. नेताजी २९ डिसेंबर १९४३ रोजी येथे आले, ३० डिसेंबरला त्यांनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला आणि अंदमान-निकोबारला शहीद व स्वराज ही नावे दिली. त्यांना सेल्युलर जेलही दाखवण्यात आला. त्याच वेळी दिवाणसिंग त्याच तुरुंगात होते. ही वस्तुस्थिती आहे आणि ती वेदनादायक आहे. पण तिने बट्टा लागतो तो पाहुण्याला डोळ्यांआड ठेवून नेणाऱ्या यजमानाला. नेताजींच्याच फौजेचे लोगनाथन १९४४ मध्ये येथे आझाद हिंद सरकारचे मुख्य आयुक्त म्हणून आले. जपान्यांनी पोलीस खाते त्यांच्या हाती दिले नाही, म्हणून त्यांनी बाकीची खातीही स्वीकारली नाहीत. शिक्षण खाते तेवढे घेतले. ही हकिगत त्यांनी १९४५ साली लाल किल्ल्यातील खटल्यात स्वतःच्या तोंडाने सांगितली. आझाद हिंदचा अधिकारी भर न्यायालयात जे बोलू शकला, ते आज बोटीवरच्या गाइडने बोलू नये, असे म्हणणारे आपण नेताजींचे रक्षण करीत नाही. आपण त्यांना एका पुतळ्यात कोंडतो. रॉस बेटाला आता नेताजींचे नाव आहे. त्या नावाच्या बेटावर तर सत्य सांगण्याची जबाबदारी दुप्पट होते.

दुसरा आक्षेप, जपान आज आपला मित्र आहे. इंग्लंडही आज मित्रच आहे. म्हणून आपण सेल्युलर जेलला टाळे लावले नाही. मैत्री विस्मरणावर उभी राहत नाही.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे. या कथा विजेत्या इंग्रजांनी रंगवल्या, असे म्हटले जाते. युद्धानंतर लिहिलेल्या प्रत्येक कागदाकडे सावधपणे पाहावे, हे मान्य. पण या हकिगतींचा मुख्य आधार त्या बेटावरच्या हिंदी माणसांच्या साक्षी आहेत. ज्यांचे वडील, भाऊ, नवरे गेले त्यांनी त्या जपल्या. होमफ्रेगंजला जे स्मारक आहे ते स्वतंत्र भारतात, येथल्या लोकांच्या स्मरणातून उभे राहिले. त्या लोकांवर अविश्वास दाखवण्याचा अधिकार चार दिवसांच्या प्रवाशाला कोणी दिला?

आणि येथेच आपला, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांचा, या प्रश्नाशी जवळचा संबंध येतो. अंदमानात 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखला जाणारा एक समाज आहे. शिक्षा भोगायला आलेल्या बंदिवानांची ही संतती. नाना प्रांतांतून, नाना धर्मांतून आलेल्या माणसांनी तेथे घरे केली, लग्ने केली, हिंदुस्थानी भाषा आपली मानली. जपानी आमदानीत मारली गेली ती मुख्यतः हीच माणसे आणि त्यांच्यात मिसळून गेलेले नोकरदार. १९४१ च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३३,७६८ होती. १९५१ मध्ये ती ३०,९७१ भरली. ही घट सर्वस्वी हत्येमुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण युद्धानंतर बरेच बंदिवान मुख्य भूमीवर परतले. तरी जे गेले त्यांच्या मागे आवाज उठवणारा कोणताही मोठा प्रांत नव्हता. पंजाबच्या पाठ्यपुस्तकात ते बसत नाहीत, बंगालच्या नाही, महाराष्ट्राच्या नाहीच नाही.

आपल्यापैकी कोणाला ही स्थिती अपरिचित आहे? ग्वाल्हेरच्या वाड्यातील मोडी रुमाल, बडोद्याच्या जुन्या पेढ्यांच्या चोपड्या, बेळगावच्या शाळांचे दप्तर, हैदराबादच्या मराठी संस्थांच्या इतिवृत्तांची पाने, यांना आज कोण विचारतो? पुण्या-मुंबईच्या इतिहासात आपण परिशिष्टात असतो आणि ज्या राज्यात राहतो तेथल्या इतिहासात पाहुणे. आपल्या वंशजांनी येथे काय केले, काय सोसले, हे कोणीतरी विचारावे अशी आपली मनोमन इच्छा असते, आणि कोणी विचारत नाही म्हणून आपण या त्रैमासिकाच्या पानांतून वर्षानुवर्षे तक्रार करीत आलो. मग दुसऱ्या एका विस्थापित समाजाच्या बेटावर पाऊल ठेवल्यावर आपणही नेमके तेच करावे? फक्त आपल्या माणसाची खोली कोठे आहे ते विचारावे, हात जोडावेत, आणि बोटीला उशीर होतो म्हणून निघावे? जी उपेक्षा आपल्या वाट्याला आली म्हणून आपण कष्टी होतो, ती दुसऱ्याच्या वाट्याला देताना आपल्याला काहीच वाटू नये, हे मला लज्जास्पद वाटते.

तक्रार करून थांबणे योग्य नव्हे. मंडळांच्या सहली मंडळेच ठरवतात; गाडी कोठे थांबावी हे पैसे देणारा सांगू शकतो. तेव्हा तीन गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत. एक, वंडूरच्या वाटेवर होमफ्रेगंजला अर्धा तास थांबावे आणि त्या ४४ जणांना फुले वाहावीत. दोन, दिवाणसिंगांच्या नावाच्या गुरुद्वाऱ्यात जावे. कोणी पंजाबी जाणकार मिळाल्यास त्यांच्या एखाद्या कवितेचा अर्थ समजून घ्यावा आणि जमल्यास मराठीत आणावा. साहित्य मंडळाला याहून उचित काम दुसरे कोणते? तीन, सहलीला निघण्यापूर्वी एक संध्याकाळ १९४२ ते १९४५ च्या अंदमानावर वाचनासाठी ठेवावी, म्हणजे बोटीवर गाइडला प्रश्न विचारणारा प्रवासी एकटा राहणार नाही. दहा मंडळांनी दहा वर्षे हाच प्रश्न विचारला, तर गाइडला उत्तर पाठ करावेच लागेल. पर्यटनाचा व्यवसाय मागणीवर चालतो; आपण आजवर मागणी फक्त हरणांची केली.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजय पुरम झाले. त्याआधी २०१८ मध्ये तीन बेटांची नावे बदलली, २०२३ मध्ये २१ अनाम बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे मिळाली. नावे बदलण्यास माझी हरकत नाही. परकीय अधिकाऱ्यांची नावे जपण्याचे आपल्यावर बंधन नाही. मात्र नाव बदलल्याने ऋण फिटत नाही. एका बेटाचे नाव शहीद ठेवायचे आणि त्या बेटांवर शहीद झालेल्यांची नावे विचारायची नाहीत, असा हा व्यवहार आहे. शहीद हा शब्द नकाशावर लिहायला सोपा आहे. तो उच्चारताना समोर झुल्फिकार अली, दिवाणसिंग आणि होमफ्रेगंजची ४४ माणसे उभी राहिली पाहिजेत. तोवर आपण अंदमान पाहिला असे म्हणू नये. फार तर हवापालट करून आलो, असे म्हणावे.